रशिया आणि जपान : बळाबळाचा हिशेब

कोणत्याही दोन राष्ट्रांत बेबनाव झाला, कीं वर्तमानपत्रांत एक तक्ता हटकून छापून येतो. डाव्या बाजूस एका राष्ट्राचें नांव, उजव्या बाजूस दुसऱ्याचें, आणि खालीं ओळीनें आंकडे : लोकसंख्या इतकी, खडें सैन्य इतकें, राखीव सैन्य इतकें, युद्धनौका इतक्या, तोफा इतक्या. सकाळच्या चहाबरोबर आपण तो तक्ता वाचतों, मनांतल्या मनांत वजाबाकी करतों, आणि चहा संपण्यापूर्वींच लढाईचा निकाल लावून मोकळे होतों. मींहि हें पुष्कळदां केलें आहे. आज आपल्यापुढें मांडावयाचा आहे तो असाच एक जुना तक्ता आहे. १९०४ सालच्या प्रारंभीं युरोपांतील पुष्कळ जाणत्या लोकांनीं तो मांडला होता, व बहुतेकांचें उत्तर एकच आलें होतें. तें चुकलें. कां चुकलें हें पाहण्यासारखें आहे. कारण तक्त्यांतले आंकडे खोटे नव्हते.

रशियाची लोकसंख्या १८९७ च्या खानेसुमारीप्रमाणें १२ कोटी ५० लाखांच्या वर. जपानची ४ कोटी ६० लाखांच्या आसपास. रशियाचें खडें सैन्य १० लाखांहून अधिक, आणि राखीव शिपाई बोलावल्यास ही संख्या त्याच्या कित्येक पट होणारी. जपानचें शिकलेलें सैन्य, सर्व फळ्यांचे राखीव लोक धरून, सुमारें साडेआठ लाख. जपानपाशीं पहिल्या प्रतीच्या युद्धनौका ६. रशियाच्या एकट्या पॅसिफिक महासागरांतील आरमारांत ७, आणि शिवाय बाल्टिक समुद्रांतलें आरमार निराळें, काळ्या समुद्रांतलें निराळें. भांडण होतें कोरिया व मंचूरिया यांविषयीं. पोर्ट आर्थर हें बंदर जपाननें १८९४ सालीं चीनपासून जिंकून घेतलें होतें. रशिया, फ्रान्स व जर्मनी यांनीं १८९५ सालीं दटावून तें परत करावयास लावलें. आणि तीनच वर्षांनीं, १८९८ सालीं, रशियानें तेंच बंदर चीनकडून पट्ट्यानें घेतलें. जपान्यांच्या मनांत काय सलत होतें, हें यावरून उघड आहे. परंतु सल हें कांहीं बळ नव्हे, आणि तक्त्यांत त्यास रकाना नसतो.

आतां याच तक्त्यास आपण एक साधा प्रश्न विचारूं : हें सारें बळ आहे कोठें?

रशियाचें दहा लाख सैन्य होतें खरें. पण तें पोलंडांत होतें, जर्मनी-ऑस्ट्रियाच्या सरहद्दीवर होतें, काकेशसांत होतें, मध्य आशियांत होतें. पश्चिमेची सरहद्द उघडी टाकून तें सारें पूर्वेस हलविणें कोणत्याही झारास शक्य नव्हतें. बैकल सरोवराच्या पूर्वेस, म्हणजे जेथें लढावयाचें होतें त्या बाजूस, युद्ध सुरू झालें त्या वेळीं रशियाचें लढाऊ सैन्य सुमारें एक लाख होतें. काळ्या समुद्रांतील आरमार तर करारांनीं बॉस्फरसच्या आंत कोंडलेलें. पॅसिफिकमधील आरमारहि एके ठिकाणीं नव्हतें. युद्धनौका पोर्ट आर्थरला, मोठ्या क्रूझर कांहीं व्लाडिव्होस्टॉकला. त्यांतून व्लाडिव्होस्टॉक हें बंदर हिवाळ्यांत गोठणारें. तेव्हां ज्यास आपण रशियाचें बळ म्हणून एका ओळींत लिहितों, तें वस्तुतः पृथ्वीच्या सहाव्या हिश्शावर विखुरलेलें होतें. पेढीच्या वहींत पैसा असणें निराळें आणि बाजारांत उभें असतां खिशांत असणें निराळें.

तो पैसा खिशांत आणण्याचा मार्ग एकच होता : सैबेरियाची आगगाडी. १८९१ सालीं हें काम सुरू झालें. मॉस्कोपासून मंचूरियाच्या टोंकापर्यंत सुमारें साडेपांच हजार मैल, आणि मार्ग एकेरी. एकेरी मार्ग म्हणजे काय, हें ज्यांनीं लहान स्टेशनावर समोरून येणाऱ्या गाडीची वाट पाहत तास तास काढले आहेत, त्यांस सांगावयास नको. पूर्वेकडे शिपाई घेऊन जाणाऱ्या प्रत्येक गाडीचे रिकामे डबे त्याच रुळांवरून परत आले पाहिजेत. आणि दोन गाड्यांनीं एकमेकींस वाट द्यावयाची ती फक्त ठराविक ठिकाणीं. अशीं ठिकाणें जितकीं दूर दूर, तितक्या दिवसाच्या गाड्या कमी. प्रारंभीं पूर्वेस पोंचणाऱ्या लष्करी गाड्या दिवसाला हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. शिपायास रशियांतून रणांगणावर येण्यास महिन्याहून अधिक काळ लागे. आणि शिपाई आला म्हणजे भागत नाहीं. त्याच्या मागून त्याचा दारूगोळा, त्याचे कपडे, त्याचीं औषधें, तोफा आणि तोफा ओढणारे घोडे, हें सारें त्याच रुळांवरून यावयाचें. पुढें जितके लोक अधिक, तितका त्यांच्या पोषणाचा भार अधिक, आणि नव्या लोकांस जागा तितकी कमी.

या मार्गाच्या मध्यभागीं एक खिंडार होतें, आणि तेथें आपण क्षणभर थांबूं. बैकल सरोवराच्या दक्षिण तीरावर डोंगराचे कडे थेट पाण्यांत उतरतात. खंडाळ्याचा घाट आगगाडीनें ओलांडतांना आपण जे बोगदे मोजतों, तसे तिसांहून अधिक बोगदे खणल्यावांचून तेथें रूळ जाणें शक्य नव्हतें, आणि युद्ध सुरू झालें तेव्हां तें काम अपुरें होतें. म्हणून गाडी सरोवराच्या एका कांठास थांबे आणि डबे एका प्रचंड बर्फफोड्या आगबोटीवर चढवून पैलतीरास नेले जात. ही बोट इंग्लंडांत बांधून, तिचे तुकडे करून, सैबेरियांत नेऊन पुन्हा जोडलेली. परंतु भर हिवाळ्यांत बर्फ इतकें जाड होई, कीं या बोटीचेंहि कांहीं चालत नसे. आणि जपाननें घाव घातला तो नेमका फेब्रुवारींत.

तेव्हां रशियाचा रेल्वेमंत्री प्रिन्स खिल्कोव्ह स्वतः तेथें आला आणि त्यानें गोठलेल्या सरोवरावरच रूळ घातले. सुमारें २५ मैल, खालीं अथांग पाणी आणि वर बर्फाची लादी. त्यावरून इंजिन चालविणें धोक्याचें; म्हणून इंजिनें सुटीं करून त्यांचे भाग गाड्यांवर लादले, आणि ते व मालाचे डबे घोड्यांकडून ओढून नेले. शिपाई कडाक्याच्या थंडींत त्या बर्फावरून पायीं चालत गेले. हें वाचतांना रशियन माणसाच्या सोशिकपणाविषयीं आदरच वाटतो. पण तक्त्याच्या दृष्टीनें पाहिलें, तर १२ कोटींच्या साम्राज्याचें बळ त्या फेब्रुवारी-मार्चांत किती होतें? घोड्यांच्या रांगा दिवसाकाठीं जेवढे डबे पैलतीरास ओढून नेत, तेवढें. सरोवराच्या कडेचा लोहमार्ग १९०४ च्या सप्टेंबरांत वाहतुकीस खुला झाला, आणि तेथून पुढें या हिशेबाचा रंग हळूहळू पालटूं लागला.

जपानचा मार्ग समुद्राचा. कोरियाची सामुद्रधुनी सव्वाशें मैलांच्या आसपास रुंद. संध्याकाळीं निघालेली आगबोट दुसऱ्या दिवशीं पैलतीरास लागावी. परंतु समुद्र हा राजमार्ग होतो तो ज्याचें आरमार शिरजोर त्याच्यासाठीं. जपानच्या सेनापतींना हें पुरतें ठाऊक होतें, म्हणूनच पहिला घाव त्यांनीं रशियाच्या सैन्यावर घातला नाहीं, आरमारावर घातला. ८ फेब्रुवारी १९०४ च्या रात्रीं, युद्ध जाहीर होण्यापूर्वीं, टोगोच्या टॉर्पेडो-नौका पोर्ट आर्थरवर चालून गेल्या. बुडालें थोडें, पण रशियन आरमार बंदरांत दबकून बसलें, आणि जपानी पलटणी कोरियांत उतरूं लागल्या. त्या आरमारांत नवा जीव ओतणारा मॅकॅरोव्ह हा ॲडमिरल १३ एप्रिल रोजीं सुरुंगावर आपटून जहाजासह बुडाला. त्याच जहाजावर व्हेरेश्चागिन हा रशियन चित्रकार होता. हिंदुस्थानांत फिरून त्यानें ताजमहाल रंगविला होता, आणि पुढें इंग्रजांनीं बंडवाल्यांस तोफेच्या तोंडीं दिल्याचें त्याचें चित्रहि गाजलें. युद्धाची भीषणता चितारण्यांत ज्याचें आयुष्य गेलें, तो युद्धानेंच गिळला. जपानचें नशीबहि सरळ नव्हतें. १५ मे रोजीं एकाच दिवशीं त्याच्या सहांपैकीं दोन युद्धनौका रशियन सुरुंगांनीं बुडविल्या. एका दिवसांत तिसरा हिस्सा गेला. आणि नव्या बांधावयाच्या, तर जपानच्या या सर्व मोठ्या नौका इंग्लंडांत बांधलेल्या होत्या.

जमिनीवर रशियाचा सेनापति कुरोपाट्किन याचें धोरण त्या वेळीं पुष्कळांना भ्याडपणाचें वाटलें. माझें मत निराळें आहे. वेळ आपल्या बाजूस आहे, प्रत्येक आठवड्यास आगगाडी आपलें बळ वाढवीत आहे, तेव्हां मागें हटत राहावें आणि बेरीज पुरी झाली म्हणजे उलटावें, हा त्याचा हिशेब अंकगणित म्हणून बिनचूक होता. तो चुकला तो दुसऱ्या रकान्यांत. ऑगस्टच्या अखेरीस लियाओयांगच्या लढाईंत त्याच्यापाशीं सुमारें दीड लाख लोक होते, समोर जपानी सव्वा लाखाच्या आसपास. म्हणजे बेरीज खरोखर पुरी झालेली होती. पण हेरांच्या बातम्यांवरून शत्रु आपणाहून अधिक आहे अशी त्याची समजूत झाली, आणि जिंकतां येण्याजोगी लढाई सोडून तो उत्तरेस निघाला. आपलें बळ स्वतःस ठाऊक असतें. समोरच्याचें बळ आपण अदमासानें लिहितों, आणि भीतीनें लिहिलेला अदमास नेहमीं मोठाच असतो.

जपान्यांच्या रकान्यांतहि एक खर्च असा होता, कीं जो कोणी दाखवीत नव्हतें. पोर्ट आर्थरचा किल्ला नोगीनें वेढला. २०३ मीटर उंचीच्या एका टेकडीसाठीं माणसांच्या लाटांवर लाटा लोटल्या. ती ५ डिसेंबरास हातीं आली, आणि २ जानेवारी १९०५ रोजीं किल्ला शरण आला. जखमी व मेलेले धरून जपान्यांचे ५० हजारांहून अधिक लोक तेथें कामास आले. या युद्धांत नोगीचे स्वतःचे दोन्ही मुलगे पडले. पण मी ज्या खर्चाविषयीं बोलतों, तो याहूनहि निराळा. जपानी लष्करांत शिपायास पोटभर पांढरा सडलेला तांदूळ देणें हा त्याचा मान समजला जाई. खेड्यांतून आलेल्या तरुणास तो सणाचाच घांस. त्या तांदळाबरोबर त्याचा कोंडा गेला, आणि कोंड्याबरोबर अंगास लागणारें सत्त्व गेलें. बेरीबेरी नांवाचा रोग फैलावला. पाय सुजत, बळ जाई, हृदय बंद पडे. या युद्धांत जपानी लष्कराचे २५ हजारांहून अधिक लोक केवळ या रोगानें मेले. आश्चर्य हें, कीं जपानच्याच आरमारानें हा रोग वीस वर्षांपूर्वीं जवळजवळ घालविला होता. ताकाकी नांवाच्या त्यांच्या डॉक्टरनें खलाशांचें जेवण बदललें होतें व जवाचा वापर वाढविला होता. पण लष्कराच्या डॉक्टरांना आरमाराच्या डॉक्टरांचें म्हणणें पटत नव्हतें. दोन खात्यांच्या या अढीची किंमत शिपायांनीं दिली. आपल्या घरोघरीं हातसडीचा तांदूळ बरा कीं गिरणीचा, असा वाद होत आला आहे. तो लष्करी बळाच्या तक्त्यांतहि मोडतो, हें सहसा ध्यानांत येत नाहीं.

आतां आरमाराचा शेवटचा अंक. पोर्ट आर्थर वांचविण्यासाठीं झारानें बाल्टिकचें आरमार पाठविलें. ऑक्टोबर १९०४ मध्यें रोझेस्ट्व्हेन्स्की निघाला तो अर्ध्या पृथ्वीस वळसा घालण्यासाठीं. वाटेंत उत्तर समुद्रांत रात्रीच्या वेळीं इंग्लिश कोळ्यांच्या होड्यांस जपानी टॉर्पेडो-नौका समजून रशियनांनीं त्यांवर गोळे झाडले. इंग्लंडशीं युद्ध व्हावयाचें थोडक्यांत टळलें. मोठीं जहाजें आफ्रिकेस वळसा घालून आलीं. तटस्थ राष्ट्रांच्या बंदरांत राहूं देत ना, म्हणून एका जर्मन कंपनीच्या बोटींनीं उघड्या समुद्रांत कोळसा पुरवावयाचा. पुढें मिळेल न मिळेल या भीतीनें तो डेकवर, खोल्यांतून, मिळेल तेथें भरावयाचा. मादागास्कर येथें तळ पडला असतां पोर्ट आर्थर पडल्याची बातमी आली. ज्यासाठीं निघालों तेंच उरलें नाहीं. तरी आरमार पुढें निघालें. उष्ण समुद्रांत महिनोन्‌महिने राहून जहाजांच्या तळास शेवाळ व शिंपले चिकटले, वेग मंदावला. टोगोचीं जहाजें मधल्या काळांत गोदींत जाऊन स्वच्छ झालेलीं, खलाशी तोफांचा सराव करून ताजे झालेले.

२७ मे १९०५ रोजीं त्सुशिमापाशीं गांठ पडली. नुसत्या मोठ्या युद्धनौका मोजल्या तर रशियाच्या ८, जपानच्या ४. दुसऱ्या दिवशीं संध्याकाळीं रशियाचें तें आरमार असें उरलेंच नाहीं. व्लाडिव्होस्टॉकला पोंचलीं तीं तीन जहाजें : एक हलकी क्रूझर आणि दोन विनाशिका. रशियाचे सुमारें ५ हजार लोक मेले; जपानचे ११७.

त्या वार्तेनें आशियांत काय झालें, हें सुशिक्षित घरांतून आजहि सांगितलें जातें. मराठी वृत्तपत्रांनीं या युद्धाच्या हकीकती चवीनें दिल्या. बंगालच्या फाळणीचें तें वर्ष. युरोपियन साम्राज्य हरूं शकतें, ही गोष्ट पुण्यामुंबईच्या तरुणांस कोणत्याही तक्त्याहून मोठी वाटली, आणि तसें वाटणें स्वाभाविक होतें. पण आनंदाच्या भरांत एक गोष्ट दृष्टीआड झाली, आणि जपानांत तर ती मुद्दाम दृष्टीआड ठेवण्यांत आली.

ती अशी, कीं त्सुशिमापूर्वींच जपानचें बळ ओसरूं लागलें होतें. मार्च १९०५ मध्यें मुकदेन येथें जपाननें मोठा विजय मिळविला. समोर तीन लाखांहून अधिक रशियन, आपले पावणेतीन लाखांच्या आंत. पण त्या विजयांत ७० हजारांवर माणूस जखमी वा गतप्राण झाला. तरबेज अंमलदार उरले नाहींत, दारूगोळा पुरेना, आणि पळणाऱ्या शत्रूचा पाठलाग करण्याचीहि ताकद राहिली नाहीं. पैसा तर परक्याचाच होता : लंडन, न्यू यॉर्क आदि बाजारांत १९०४-०५ या दोन वर्षांत चार वेळां मिळून ८ कोटी २० लाख पौंडांचें कर्ज उभारलें होतें. मंचूरियांतील जपानी सैन्याचा सरकार्यवाह कोडामा विजयानंतर टोकियोस धांवला तो आणखी पलटणी मागण्यासाठीं नव्हे. युद्ध आतां आटोपा, हें सांगण्यासाठीं. इकडे रशियाच्या आगगाडीवर गाड्यांची संख्या कित्येक पट वाढली होती, आणि उन्हाळ्यांत मंचूरियांतील रशियन सैन्य पूर्वीं कधीं नव्हतें इतकें बळकट झालें होतें. तक्ता अखेरीस खरा होऊं लागला होता! परंतु रशियाच्या घरांतच आग लागलेली. जानेवारींत पीटर्सबर्ग येथें निःशस्त्र जमावावर गोळ्या झाडल्या गेल्या, संप पसरले, काळ्या समुद्रांत ‘पोटेम्किन’च्या खलाश्यांनीं बंड केलें. दोघांसहि तह हवा होता. एकास घरच्या भीतीनें, दुसऱ्यास रित्या पेटीच्या. ५ सप्टेंबर १९०५ रोजीं अमेरिकेंत पोर्ट्स्मथ येथें तह झाला.

जपानास कोरियांत मोकळीक मिळाली, पोर्ट आर्थर मिळालें, साखालिनचा अर्धा भाग मिळाला. खंडणी मात्र एक रुबलहि नाहीं. टोकियोच्या लोकांना विजयाच्या वार्ता सांगितल्या होत्या, शिल्लक सांगितली नव्हती. त्याच दिवशीं तेथें दंगल उसळली, पोलीस चौक्या जाळल्या गेल्या. पुढच्याच आठवड्यांत टोगोची नौका ‘मिकासा’ ही सासेबो बंदरांत उभी असतां तिच्याच कोठारांतील दारू भडकून बुडाली. त्सुशिमाच्या संबंध लढाईंत जितके जपानी मेले, त्याच्या दुपटीहून अधिक या अपघातांत मेले.

या हिशेबाची एक पुरवणी आहे, आणि ती ३६ वर्षांनंतरची आहे. १९४१ च्या उन्हाळ्यांत जपान सरकारनें स्थापिलेल्या एका युद्धविषयक संशोधनसंस्थेंत निरनिराळ्या खात्यांतले, लष्करांतले व व्यापारी संस्थांतले तिशीच्या घरांतले तीस-पस्तीस हुशार लोक जमविले होते. त्यांस काम दिलें तें अमेरिकेशीं युद्ध झाल्यास काय होईल, हें मांडण्याचें. त्यांनीं नुसतीं जहाजें मोजलीं नाहींत. अमेरिकेचें पोलाद आपल्या दहापटीहून अधिक. आपणांस लागणाऱ्या तेलाचा बहुतेक भाग अमेरिकेंतूनच येणारा. दक्षिणेचें तेल जिंकलें, तरी तें आणणाऱ्या बोटी महिन्याला किती बुडतील आणि किती नव्या होतील. हें सर्व त्यांनीं मांडलें. म्हणजे कुरोपाट्किनची आगगाडी या वेळीं समुद्रावर होती आणि ती जपानची होती. उत्तर असें आलें, कीं प्रारंभीं विजय मिळतील, युद्ध लांबेल, रशियाहि त्यांत उतरेल, आणि जपान हरेल. ऑगस्टच्या अखेरीस पंतप्रधान कोनोये यांच्या निवासस्थानीं हें मंत्र्यांसमोर वाचून दाखविलें गेलें. त्या वेळचे युद्धमंत्री तोजो यांनीं सर्व ऐकून घेतलें, आणि मग ते म्हणाले, कीं तुमचा अभ्यास चांगला आहे, परंतु हें कागदावरचें आहे; रशियाशीं लढलों तेव्हांहि जिंकूं असें कोणास वाटलें नव्हतें, आणि तरी आपण जिंकलों. उपस्थितांच्या आठवणींत या बोलण्याचा आशय असा नमूद आहे. ही चर्चा बाहेर कोठें करूं नये, असेंहि त्यांनीं बजावलें. त्यानंतर साडेतीन महिन्यांच्या आंत जपानी विमानें पर्ल हार्बरवर होतीं.